हिवाळ्यात चेहरा ओढतो, दाढीनंतर जळतो, पापुद्रे निघतात: काय, कसं आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

थंडी पडली की दाढीला बसणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते: चेहरा ओढल्यासारखा होतोय, क्रीम लावतोय, तरी फरक नाही. मी दाढी-कटिंगच्या कामात आहे. दर हिवाळ्यात हेच दुखणं इतक्या चेहऱ्यांवर निस्तरलंय की आता गालावरून हात फिरवला की गडबड साधारण कुठे असेल याचा अंदाज येतो. बहुतेकांचं एकाच जागी चुकतं. काय लावायचं याचा शोध जोरात चालू असतो. रोज त्वचेवरून काय काढून टाकतोय याचा विचार कुणी करत नाही. उन्हाळ्यातला फेसवॉश तोच, घाईची दाढी तशीच, अंघोळीचं पाणी मात्र कढत, आणि या सगळ्यावर उपाय म्हणून वर एक क्रीम.

म्हणून खालच्या तपासण्यांत आधी काढणं कमी करायचं आहे, लावण्याचं नंतर येतं. ज्याला पैसे लागत नाहीत ते पहिलं, ज्याला वेळ आणि खर्च लागतो ते शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला निदान आठ-दहा दिवस द्या. त्वचेचा वरचा थर नवा यायला साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे दोन दिवसांत निकाल मागण्यात अर्थ नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर बरं कशाने वाटलं हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या थंडीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तरी पुढे वाचा.

- तोंड धुतल्यावर थोड्याच वेळात गाल आणि कपाळ ताणल्यासारखं वाटतं. हसताना, जांभई देताना तर जास्तच.
- नाकाच्या बाजूला, भुवयांमध्ये, दाढीच्या मुळाशी पापुद्रे. ते पांढरे आणि सुटे आहेत की पिवळट आणि चिकट, हे आत्ताच बघून ठेवा; पुढे लागणार आहे.
- दाढीनंतर आग होते, मानेवर लाल पुटकुळ्या येतात. नेहमीचं, कधी त्रास न दिलेलं क्रीमही अचानक झोंबायला लागतं.
- चेहरा दुपारपर्यंत तेलकट होतो आणि तरीही सोलवटतो. हे दोन्ही एकत्र असू शकतं, यावर लोकांचा विश्वास बसत नाही.
- ओठ उलतात, हाताच्या बोटांना सांध्यांपाशी चिरा पडतात.
- नडगीवर खाज, नख ओढलं की पांढरी रेघ उमटते.

हिवाळ्यातच का?

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. त्या पेशी विटा धरल्या तर त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि काही स्निग्ध आम्लं. हा चुना शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचं झोंबणारं बाहेर. थंड हवेत मुळात पाणीच कमी मावतं. शून्य अंश सेल्सिअसला घनमीटरभर हवा जेमतेम ५ ग्रॅम वाफ धरते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. तीच बाहेरची हवा खोलीत घेऊन हीटरने तापवली की वाफ तेवढीच राहते आणि हवा तहानलेली होते. आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते. मग ती मिळेल तिथून पाणी ओढते, तुमच्या गालातूनही.

पुरुषांच्या त्वचेत तेल जास्त सुटतं, कारण तेलग्रंथी पुरुषी संप्रेरकांवर चालतात. म्हणून कित्येक जण म्हणतात, माझी त्वचा तेलकट आहे, मला कोरडेपणा कसला. पण ग्रंथींतून वर येणारं तेल वेगळं आणि पेशींमधला चुना वेगळा. पहिलं भरपूर असताना दुसरा पार उडालेला असू शकतो. त्यातून आपल्याकडे एक जादा हत्यार आहे, जे केसांबरोबर या थराचाही थोडा भाग रोज खरवडून नेतं. त्याकडे येऊच.

पहिली तपासणी: पाणी

अंघोळ झाली की आरशाकडे बघा. वाफेने पार आंधळा झाला असेल किंवा छाती-मान लाल झाली असेल तर पाणी जास्त गरम आहे. गरम पाण्याने त्वचेतला स्निग्धांश नुसताच सैल होतो. त्यात साबण आला की तो वाहूनच जातो. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला धार धरली तर चटका नाही आणि काटाही नाही.

थंडीत कढत पाणी सोडवत नाही हे मलाही कळतं. मग तडजोड करा: अंगावर थोडं गरम घ्या, पण डोक्यावरची धार थेट तोंडावर घेऊ नका. चेहरा शेवटी, वेगळ्या कोमट पाण्याने. दहा मिनिटांच्या आत बाहेर. टॉवेलने खसाखसा पुसायची सवय असेल तर तीही सोडा. टिपा, आणि त्वचा किंचित ओली राहू द्या. ही ओल पुढे कामाला येते.

दुसरी: साबण आणि फेसवॉश

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात, त्यामुळे ही तपासणी वगळू नका.

त्वचेचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. साबणाच्या वडीचा ९ ते १०. धुतलं की हे संतुलन काही तास बिघडतं, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ धुणाऱ्याचं ते सावरतच नाही. धुतल्यावर गालावर बोट ओढलं की कुरकुर आवाज येतो ना, त्याला लोक स्वच्छ म्हणतात. प्रत्यक्षात मळाबरोबर जे राहायला हवं होतं तेही गेलेलं असतं.

तपासायचं असं. रात्री नेहमीच्या फेसवॉशने तोंड धुवा, टिपा, काहीही लावू नका, आणि वीस मिनिटं बसा. दुसऱ्या रात्री फक्त कोमट पाण्याने धुऊन तेवढंच थांबा. पहिल्या दिवशी चेहरा ओढला आणि दुसऱ्या दिवशी नाही, तर चोर सापडला. दोन्ही दिवशी सारखाच ओढला तर फेसवॉशचा दोष मोठा नाही, पुढच्या तपासणीकडे चला.

चोर फेसवॉशच निघाला तर सकाळी नुसतं पाणी, आणि रात्री एकदाच सौम्य, फेस कमी करणारा, वास नसलेला क्लेन्झर. कोळसा, मेन्थॉल, तेल शोषून घेणारं, सॅलिसिलिक ॲसिडवालं, हे सगळं थंडी सरेपर्यंत कपाटात. मुरुमांसाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. आठवड्यातून किती वेळा वापरायचं ते त्यांनाच विचारा.

आणि स्क्रब. पापुद्रे दिसले की माणसाचा हात आपोआप स्क्रबकडे जातो. चेहरा घासला की तासभर गुळगुळीत लागतो, दुसऱ्या दिवशी दुप्पट सोलवटतो, मग पुन्हा स्क्रब. हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की समोरच्याने पापुद्रे म्हटलं की मी आधी स्क्रबबद्दलच विचारतो. पापुद्रे हे थर तुटल्याचं लक्षण आहे. ते घासून काढल्याने थर बनत नाही.

अंगालाही हाच न्याय. काख, जांघा, पावलं एवढ्या ठिकाणी साबण. हात-पाय-पोट यांना बहुतेक दिवस पाणी पुरतं. नडगीची खाज कित्येकांची एवढ्यानेच जाते.

तिसरी: लावायची वेळ

क्रीम चांगलं आहे, पण अंघोळीनंतर कपडे, नाश्ता, फोन, आणि मग निघताना आरशासमोर दोन बोटं. तोवर त्वचेवरची ओल उडून गेलेली असते. मॉइश्चरायझरचं मुख्य काम असलेलं पाणी अडवणं, त्यामुळे अडवायला पाणी हवं. टिपल्यापासून तीन मिनिटांच्या आत लावा. क्रीमची डबी बाथरूमच्या दाराशी ठेवली की अर्धं काम झालं.

दाढी राखलेल्यांनी आणखी एक बघा. क्रीम केसांवर फिरतंय की कातडीपर्यंत पोचतंय? बोटांची टोकं केसांत खुपसून, मुळाशी गोल फिरवत लावा. वरून फिरवलेलं क्रीम दाढीला चमक देतं, खालचा गाल कोरडाच.

जाता जाता: भरपूर पाणी प्यायल्याने कोरडी त्वचा भरून येते असं ऐकून लोक बाटल्याच्या बाटल्या रिचवतात. तहानेपुरतं प्याच, पण वरचा थर फुटलेला असेल तर पिण्याने तो सांधत नाही.

चौथी: दाढी

आधी दोष दाढीचाच आहे का हे ठरवा. पाच-सहा दिवस दाढी करू नका, बाकी सगळं तसंच ठेवा. आग आणि पुटकुळ्या गेल्या तर दाढीची पद्धत किंवा हत्यार चुकतंय. दाढी न करताही सोलवटणं चालूच राहिलं तर हा भाग वाचून सोडून द्या आणि सहाव्या तपासणीकडे जा. कामामुळे रोज दाढी करावीच लागत असेल तर ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवून हीच परीक्षा घेता येते.

दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाणी प्यायला की मऊ होऊन सहज कापला जातो. घरी दाढी करणारे बहुतेक जण तोंडावर पाणी मारतात, जेल फासतात आणि लगेच पातं. केस मऊ झालेला नसतो, म्हणून पातं ओढतं, म्हणून आपण दाबतो, म्हणून कातडी सोलते. अंघोळीनंतर दाढी करा, किंवा कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटं गालावर ठेवा.

फेसावर नजर ठेवा. थंडीच्या कोरड्या हवेत फेस लवकर वाळतो. ओला फेस चमकतो. चमक जाऊन तो खडूसारखा पांढरा दिसायला लागला की तिथे पातं लावू नका, ओला ब्रश पुन्हा फिरवा. घरी एका गालाची दाढी होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळून गेलेला असतो. एकाच गालाला त्रास होणाऱ्यांनी आपण कोणत्या बाजूने सुरुवात करतो ते आठवून बघावं.

केसांची दिशा कोरड्या चेहऱ्यावर बोटांनी चाचपून ठरवा. ज्या बाजूला बोट अडकत नाही ती केसांची दिशा. गालावर ती सरळ खाली असते, पण मानेवर भरवसा नाही: कुणाची वर, कुणाची आडवी, कुणाची भोवऱ्यात. मानेवर पुटकुळ्या येणारे बहुतेक जण तिथे सरसकट खालून वर ओढतात. हिवाळाभर केसांच्या दिशेनेच, एकच हात, दाब न देता. गाल काचेसारखा गुळगुळीत लागला नाही तरी चालेल. फार खोल कापलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो, आणि कुरळा असेल तर बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो. ज्यांना ही खोड आहे त्यांनी चार-पाच पात्यांचं रेझर सोडून एका पात्याचं किंवा ट्रिमर वापरून बघावं.

पातं साधारण पाच ते सात दाढ्यांना बदला. कडक केस असतील तर त्याआधीच. बोथट पातं आवाजावरून कळतं: धारदार पातं बारीक, सारखं करकरतं, उतरलेलं पातं गप्प होतं आणि केस उपटल्यासारखं ओढतं. वापरून झालं की धुऊन, झटकून, कोरड्या जागी ठेवा.

शेवटी आफ्टरशेव्ह. स्पिरिटसारखा वास येणाऱ्या आफ्टरशेव्हमध्ये अल्कोहोल भरपूर असतं, आणि नुकत्याच खरवडलेल्या कातडीवर ते उरलासुरला स्निग्धांशही घेऊन जातं. झोंबतंय म्हणजे काम करतंय, ही समजूत कुठून आली देव जाणे. तुरटीचंही तेच. कापलं असेल तिथे टेकवा, रक्त थांबतं; पण अख्ख्या चेहऱ्यावर चोळली तर कोरड्या कातडीला आणखी आवळते. हिवाळ्यात दाढीनंतर थंड पाणी, टिपणं आणि साधं बिनवासाचं क्रीम, एवढंच.

पाचवी: लावताय ते पुरेसं आहे का

आता खर्चाची पाळी. पंपाच्या बाटलीतलं पातळ लोशन बहुतांशी पाणीच असतं. उन्हाळ्यात बरं, कडाक्याच्या थंडीत अपुरं. त्याच्यावर क्रीम, आणि सगळ्यात जाड मलम.

डबीच्या मागे तीन प्रकारची नावं शोधा. ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक ॲसिड ही पाणी धरून ठेवणारी. सेरामाइड ही तुटलेला थर भरणारी. पेट्रोलियम जेली, डायमेथिकॉन, लॅनोलिन ही झाकण घालणारी. नुसतं पाणी धरणारं काही लावून झाकण घातलं नाही तर कोरड्या हवेत ते पाणी टिकत नाही. हायल्युरॉनिक ॲसिडचं सीरम लावून चेहरा आणखी ओढतो म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा हीच. वरून क्रीम लावा.

पाणी अडवण्यात साध्या पेट्रोलियम जेलीचा हात धरणारं फारसं काही नाही. पण मुरुमं येणाऱ्यांनी ती अख्ख्या चेहऱ्याला न लावता ओठ, नाकपुडीच्या कडा, बोटांच्या चिरा अशा जागी लावावी. दहा टक्के युरियाचं क्रीम नडग्यांना आणि टाचांना छान. नुकत्याच दाढी केलेल्या गालावर मात्र ते चांगलंच झोंबेल. जेली किंवा पॅराफिनची मलमं कपड्यांत, उशीच्या अभ्र्यात मुरतात आणि असं कापड चटकन पेट घेतं. रात्री मलम लावून हीटरला चिकटून झोपू नका, सिगरेट तर नाहीच.

नवं क्रीम खरंच बरं आहे की नुसतं महाग, हे कळायला सोपी युक्ती: आठ-दहा दिवस एका गालाला जुनं, दुसऱ्याला नवं. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा लावून बघा; लाल झालं, खाजलं तर चेहऱ्यापर्यंत नेऊच नका. पुरुषांसाठी म्हणून काळ्या डबीत येणाऱ्या क्रीममध्ये बऱ्याचदा वेगळं असतं ते सुगंधी द्रव्य, आणि फुटलेल्या त्वचेला नेमकं तेच नको असतं. घरातल्या बाईमाणसाचं बिनवासाचं क्रीम घेतलं तर चेहऱ्याला फरक कळत नाही.

सहावी: कोरडेपणा की दाढीतला कोंडा?

वर पापुद्र्यांचा रंग बघायला सांगितला होता तो यासाठी. खांद्यांवर काळा कपडा घ्या, बारीक कंगव्याने दाढी मुळापासून खालून वर विंचरा. कपड्यावर पिठासारखे पांढरे, फुंकर मारली की उडणारे कण पडले तर बहुधा कोरडेपणा. कण पिवळट, चिकट, बोटांत चुरडले की तेलकट लागणारे असतील, खालची कातडी लालसर असेल, आणि हाच प्रकार नाकाच्या बाजूला, भुवयांत, कानामागे किंवा छातीच्या मध्यावरही असेल, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट कोंड्याचा त्वचाविकार, असण्याची शक्यता मोठी. पुरुषांत तो जास्त दिसतो आणि थंडीत उसळतो.

इथे उपाय उलटा पडतो म्हणून ही तपासणी महत्त्वाची. मॅलेसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर राहते आणि तेलावर जगते. कोरडं दिसतंय म्हणून दाढीला तेल चोपडलं की तिला आयतंच खाणं मिळतं. बिअर्ड ऑइल बदलून बदलून थकलेली माणसं इथे सापडतात. तेल बंद करा. केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा दोन टक्क्यांचा शांपू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे: दाढी ओली करून बोटांनी मुळापर्यंत पोचवायचा, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, मग खळखळून धुवायचा. लावल्या लावल्या धुऊन टाकला तर औषधाला वेळच मिळत नाही, आणि बहुतेक जण नेमकं हेच करतात. नंतर हलकं, तेल नसलेलं क्रीम. दाट दाढी असेल तर महिनाभर तरी ती आखूड करा. शांपू कातडीपर्यंत पोचायला सोपं जातं.

हा विकार आटोक्यात येतो, कायमचा जात नाही. दर थंडीत पुन्हा डोकं वर काढेल, आणि तेव्हा हेच पुन्हा करायचं. चार आठवड्यांत फरक पडला नाही तर तिथेच थांबा, डॉक्टरांकडे जा.

ओठ, हात, ऊन

ओठ उलले की जीभ फिरते, थुंकी वाळते, ओठ आणखी उलतात. कापूर-मेन्थॉलचा गार वाटणारा बाम तात्पुरता बरा वाटतो आणि चाटायची इच्छा वाढवतो. साधी पेट्रोलियम जेली दिवसातून पाच-सहा वेळा. सालं दातांनी ओढू नका. हात धुतले की दरवेळी क्रीम, रात्री जाड मलम आणि वर सुती हातमोजे. भांडी, डिटर्जंट, सिमेंट, ग्रीस यांचं काम असेल तर हातमोज्यांशिवाय कुठलंच क्रीम पुरं पडणार नाही.

ऊन कोवळं वाटलं तरी यूव्हीए किरण हिवाळ्यातही पोचतात, आणि बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण उलटून येतात. बाहेर काम असेल तर सकाळच्या क्रीमवर एसपीएफ ३० किंवा जास्तचं सनस्क्रीन. जेलऐवजी क्रीमच्या रूपातलं घ्या; जेलमध्ये अल्कोहोल असू शकतं.

सातवी: ज्यावर संशयच जात नाही

रेटिनॉल, ग्लायकॉलिक ॲसिड, बेंझॉइल पेरॉक्साइड असं मुरुमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी लावलेलं सप्टेंबरपर्यंत छान सोसलेलं असतं, म्हणून डिसेंबरात त्याच्याकडे बोट दाखवावंसं वाटत नाही. दोन आठवडे सुटी द्या. चेहरा शांत झाला तर आठवड्यातून एक-दोन रात्रींवर परत आणा.

दाढी काळी करत असाल तर रंग तपासा. काळ्या रंगांत बहुधा पीपीडी नावाचा घटक असतो आणि त्याची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही होऊ शकते. त्रास लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी उठतो. तोवर दोष थंडीवर किंवा नव्या क्रीमवर जातो. रंग लावल्यानंतरच्या दिवसांत दरवेळी खाज, सूज, पाणी सुटणं होत असेल तर रंग बंद, पुन्हा लावून खात्री करायला जाऊ नका. पुढची प्रतिक्रिया आधीपेक्षा जोरात येऊ शकते.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ-चेहरा कोरडा पडणं हा त्याचाच भाग आहे. गोळ्या देणाऱ्यांना सांगा.

आठवी: खोलीची हवा

एवढं सगळं करूनही सकाळी उठल्यावर चेहरा ओढत असेल तर झोपायच्या खोलीत आर्द्रतामापक ठेवा. आकडा सतत ३० च्या खाली असेल तर हवेवर काम करावं लागेल: आधी हीटरची धार अंगावरून वळवा आणि तापमान थोडं उतरवा, मग ह्युमिडिफायर. ३० ते ५० टक्के पुरे. त्याच्या वर नेलं की भिंतींना बुरशी धरते. ह्युमिडिफायरचं पाणी रोज बदलायचं आणि टाकी नेमाने घासायची तयारी नसेल तर तो आणूच नका. तुंबलेल्या पाण्यातले जंतूही वाफेबरोबर श्वासात जातात. गाडीतला ब्लोअर तोंडावर सोडून तासन्‌तास चालवणाऱ्यांनी आधी तो पायांकडे वळवावा.

इथे थांबा

सगळ्यात आधी हे: कुणीतरी सुचवलेलं, झटकन गुण देणारं, स्टिरॉइड-बुरशीनाशक-प्रतिजैविक एकत्र असलेलं मलम चेहऱ्याला लावू नका. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही वाचलंत तर ते स्टिरॉइड आहे. दोन दिवसांत चेहरा नितळ होतो, म्हणूनच ते धोक्याचं. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, आणि बंद केलं की आग भडकते. असं मलम बराच काळ लावत असाल तर एकदम तोडायच्या आधीही डॉक्टरांना दाखवा.

पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर घरची तपासणी बंद करून त्वचारोगतज्ज्ञांकडे:

चिरांतून पाणी किंवा पू येतो, मधाच्या रंगाच्या खपल्या धरतात, भाग गरम आणि दुखरा होतो. गोल चट्टा उठतो, विशेषतः कडा उंच आणि मध्य स्वच्छ असेल तर. तो गजकर्ण असू शकतो आणि कोरडेपणाच्या क्रीमने जाणार नाही. दाढीत गोल टक्कल पडतं. खाजेने झोप मोडते. रात्री बोटांच्या बेचक्यात, कमरेभोवती खाज आणि घरात इतरांनाही तीच, तर खरजेचा संशय घ्या आणि सगळ्यांचा उपचार एकदम करून घ्या. खालच्या ओठावर खरबरीत डाग किंवा जखम तीन आठवड्यांत भरत नाही. मधुमेह आहे आणि पायाला भेग पडली आहे. ही लहान दिसली तरी त्याच दिवशी दाखवा.

पुरळ काहीच नाही, त्वचाही फार कोरडी नाही, पण अंगभर खाज आठवडेच्या आठवडे चालू आहे, सोबत वजन उतरतंय किंवा थकवा आहे, तर फिजिशियनकडे जा. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत यांच्या तक्रारी कधी कधी खाजेतून बाहेर येतात. आणि चेहरा, ओठ किंवा डोळे सुजून श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर कुणाची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी दाढी करू नका आणि चेहऱ्याला काही लावू नका, चट्टा आहे तसा दिसू दे. घरातल्या सगळ्या ट्यूब, बाटल्या, शांपू, दाढीचा रंग यांचे पुढून आणि मागून फोटो काढून न्या. घटकांची यादी मागच्या बाजूलाच असते.